जात्यावरची बाई : एका जुन्या जलरंगचित्राच्या कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२४

घरातल्या लोखंडी ट्रंकेच्या तळाशी, जुन्या कोर्टकागदांच्या गठ्ठ्याखाली ठेवलेले चौकटीतले छोटे जलरंगचित्र आज बाहेर काढले आणि या कामासाठी ही स्वतंत्र वही सुरू केली. चित्र कुठले, केव्हाचे आणि कशाचे हे शक्य तितके पुराव्यानिशी ठरवणे, त्यानंतर ते पुढच्या पिढीला धड हाती लागेल अशा रीतीने ठेवणे, एवढेच या कामाचे उद्दिष्ट आहे.

चित्रात एक बाई जात्याशी बसली आहे. तिचा एक पाय पसरलेला, दुसरा दुमडलेला, उजवा हात खुंट्यावर आणि डावा हात धान्याच्या टोपलीकडे गेलेला आहे. मागच्या बाजूला एक उघडे मूल जमिनीवर बसून आईच्या पदराचे टोक ओढते आहे. जात्याभोवती तीन टोपल्या, एक सूप आणि मातीची एक घागर दिसते. भिंत, दार, छप्पर यांपैकी काहीही रंगवलेले नाही. फिकट बदामी कागदावर माणसे आणि वस्तू आहेत, त्यांच्या पायाशी राखाडी सावलीचा एक पातळ फटकारा आहे आणि त्याखाली काळ्या शाईत एका ओळीचा मजकूर आहे.

घरातली परंपरागत माहिती अशी की हे चित्र पणजीच्या माहेराहून, म्हणजे तंजावरच्या मराठी घराण्याकडून आले, खालचा मजकूर मोडीत आहे आणि बाईच्या लुगड्याला काळे काठ आहेत. या तिन्ही गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्या इथे नोंदवून ठेवतो, कारण पुढे यातले काय टिकते ते पाहायचे आहे.

१० फेब्रुवारी २०२४

आज मोजमाप केले. दिसणारा भाग १७.२ × २२.८ सेंटिमीटर आहे. पाठीमागे तपकिरी पुठ्ठा असून चित्र त्यावर पूर्ण चिकटवलेले आहे. चौकटीच्या बांधणीवरून हे काम साठेक वर्षांपूर्वीचे असावे. पुठ्ठ्यातल्या आम्लाने कागदाच्या कडा पिवळ्या पडल्या आहेत आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात तांबूस ठिपक्यांचा पुंजका आहे. कसरीने खाल्लेला भाग एका कडेपुरता मर्यादित आहे, हे नशीबच म्हणायचे.

दहापट भिंगाखाली तासभर पाहिले. माणसांच्या बाह्यरेषांखाली पेन्सिलीची खूण कुठेही आढळली नाही. शिसपेनची एकमेव रेघ आहे ती मजकुराखाली, अक्षरे सरळ यावीत म्हणून ओढलेली. रेषा थेट कुंचल्याने काढल्या आहेत, आणि बाईच्या पाठीची रेषा मानेपासून कमरेपर्यंत एका दमात उतरली आहे. मी स्वतः जलरंगात थोडेफार काम करतो, त्यामुळे अशी रेषा पुसायची सोय नसताना काढण्याला किती सराव लागतो याची मला पुरेशी कल्पना आहे.

१८ फेब्रुवारी २०२४

आत्याला चित्र दाखवले. तिला लहानपणी जाते ओढावे लागले होते, म्हणून तिने पाहावे असे मला वाटत होते. तिने चष्मा पुसला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “ही घरचं दळत नाहीये. लोकांचं दळण घेऊन बसली आहे.” मी कारण विचारले, तेव्हा तिने टोपल्यांकडे बोट दाखवले. तीन टोपल्यांमधले धान्य तीन वेगळ्या रंगांचे आहे आणि प्रत्येक टोपलीवर वेगळे फडके आहे. घरच्या दळणाला अशी विभागणी कोणी करत नाही, एकीचे दळण दुसरीत मिसळू नये ही चिंता मजुरीने दळणारीलाच असते, असे तिचे म्हणणे.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली. जात्याभोवती मातीचा उंच काठ घातलेला आहे आणि पीठ त्याच्या आत पडते आहे. “आपल्याकडे खाली फडकं घालायचे,” ती म्हणाली, “हे जातं आपल्याकडचं नाही.” बाईने मुठीत धरलेली वैरण, म्हणजे जात्यात घालायचे मूठभर धान्य, मात्र चित्रकाराने बरोबर दाखवली आहे, असा शेराही तिने मारला. मी हे सगळे लिहून घेतले, पण खरे सांगायचे तर त्या दिवशी मला ते वृद्ध माणसाचे कौतुकास्पद निरीक्षण यापलीकडे काही वाटले नाही.

२ मार्च २०२४

मोडी वाचणाऱ्या एका जाणकार गृहस्थांना मजकुराचे छायाचित्र दाखवले. त्यांनी दोन मिनिटांत ही मोडी नाही असे सांगितले. मोडीत आधी शिरोरेघ ओढून तिच्याखाली अक्षरे गुंफत नेतात. इथे शिरोरेघ नाहीच, अक्षरे सुटी आहेत आणि काहींचे वळण नागरीशी जुळते. त्यांच्या मते ही कैथी असावी. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशात जमाखर्च, खाजगी पत्रे आणि कोर्टाचे कागद ज्या लिपीत लिहिले जात ती ही लिपी.

म्हणजे घरच्या तीन गोष्टींपैकी एक पडली, आणि तिच्याबरोबर तंजावरही डळमळले. तंजावरच्या चित्रकारांनी एकोणिसाव्या शतकात युरोपीय गिऱ्हाइकांसाठी व्यवसाय-जातींची चित्रे मोठ्या प्रमाणावर काढली, हे मला माहीत होते, आणि सरफोजी राजांच्या दरबाराची आठवण आपल्याला स्वाभाविकपणे जवळची वाटते. त्यामुळे मी ते गृहीत धरून बसलो होतो. पण तंजावरच्या चित्रकाराने आपल्या चित्राखाली कैथीत का लिहावे?

२३ मार्च २०२४

ओळखीच्या एका संशोधकामार्फत मजकूर कैथी वाचणाऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचला होता. आज उत्तर आले. पहिली दोन अक्षरे कसरीने गेली आहेत. त्यापुढे ‘नहारी’ स्पष्ट वाचता येते, म्हणून पूर्ण शब्द ‘पिसनहारी’ असावा असे त्यांनी कळवले आहे. पिसनहारी म्हणजे मजुरीने दुसऱ्याचे धान्य दळून देणारी बाई.

पत्र वाचून मी पहिल्यांदा आत्याला फोन केला. तिला फारसे आश्चर्य वाटले नाही. ‘दळणकांडण करून मूल वाढवलं’ हे वाक्य आपल्या घराघरांतल्या कहाण्यांत इतक्या वेळा येते की त्यातले दळण दुसऱ्याचे असते, हे आपण ऐकताना विसरून जातो. मीही त्या चित्राकडे इतकी वर्षे घरगुती प्रसंग म्हणूनच पाहत होतो : आई, मूल, जाते. चित्रकाराच्या लेखी मात्र तो धंदा होता, आणि त्याने टोपल्या मोजून तीन ठेवल्या होत्या.

तिकडे जात्याला जाँत किंवा जाँता म्हणतात आणि दळताना गायच्या गाण्यांना जँतसार, हेही त्याच पत्रात लिहिले होते. आपल्या जात्यावरच्या ओव्यांचे हे सख्खे भावंड म्हणावे लागेल.

७ एप्रिल २०२४

गेले दोन आठवडे वाचनात गेले. कैथी मजकूर, पार्श्वभूमीचा अभाव, पेन्सिलीविना काढलेली रेषा आणि पायाशी राखाडी सावली या सर्व गोष्टी एका ठिकाणाकडे बोट दाखवतात, ते म्हणजे पाटणा. त्याविषयी जे समजले ते सविस्तर लिहून ठेवतो.

मुर्शिदाबादच्या नवाबांचा आधार ओसरू लागल्यावर तिथली काही कायस्थ चित्रकार घराणी १७६० च्या सुमारास पाटण्याला येऊन स्थिरावली आणि जुन्या शहरातल्या लोदी कटरा व आसपासच्या मोहल्ल्यांत काम करू लागली. दरबार नव्हता, पण गिऱ्हाईक होते. पाटणा हे अफूच्या आणि सोऱ्याच्या (बंदुकीच्या दारूत लागणाऱ्या क्षाराच्या) व्यापाराचे मोठे केंद्र होते, ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी, व्यापारी आणि दानापूरच्या छावणीतले लष्करी लोक तिथे होते, आणि मायदेशी परतताना बरोबर न्यायला त्यांना या देशातल्या माणसांची चित्रे हवी होती. छायाचित्रणाच्या आधीच्या काळात ही गरज चित्रकारच भागवू शकत होते. त्यामुळे लघुचित्रांतले राजे, नायिका आणि शिकारी मागे पडून पालखीवाले भोई, भिस्ती, सुतार, लोहार, मासेवाली, कापूस पिंजणारा अशी माणसे एकेका कागदावर आली. कागदाबरोबरच अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांवरही अशी चित्रे काढली जात आणि त्यांचे संच विकले जात. स्थानिक जमीनदार आणि श्रीमंत मंडळीही गिऱ्हाइकांत होती, हे मात्र अनेकदा सांगायचे राहून जाते.

या परंपरेतली काही नावे नोंदली गेली आहेत. सेवकराम (सुमारे १७७० ते १८३०) हे आधीच्या पिढीतले, हुलासलाल त्यांच्या नंतरचे, आणि शतकाच्या मध्यावर शिवलाल व शिवदयाललाल हे दोन नामांकित चित्रकार. शिवलाल यांनी मोठी कार्यशाळा चालवली. गुलजारबागच्या कारखान्यात अफू कशी तयार होते याची चित्रेही अभ्रकावर त्यांच्याकडून काढून घेण्यात आली होती. पाटण्याचे अफू-एजंट, म्हणजे कंपनीचा अफूचा कारभार पाहणारे अधिकारी, चार्ल्स डॉयली स्वतः हौशी चित्रकार होते. १८२० च्या दशकात त्यांनी तिथे शिळाछापखाना काढला आणि जयरामदास या स्थानिक चित्रकाराला त्या कामात घेतले. या परंपरेतले अखेरचे मोठे नाव ईश्वरीप्रसाद वर्मा यांचे. ते कोलकात्याच्या सरकारी कलाशाळेत शिकवत आणि १९४९ मध्ये वारले. ब्रिटिश कला-इतिहासकार मिल्ड्रेड आर्चर यांनी पाटण्याच्या चित्रकारांचा जो पहिला पद्धतशीर अभ्यास केला, त्याला ईश्वरीप्रसाद यांनी सांगितलेल्या कौटुंबिक आठवणींचा मोठा आधार आहे.

पेन्सिलीशिवाय थेट कुंचल्याने आकृती उतरवण्याच्या पद्धतीला तिथे ‘काजली सियाही’ म्हणत. या शैलीचे वैशिष्ट्य म्हणून ती नेहमी सांगितली जाते आणि आमच्या चित्राशी ती जुळते. तरीही जुळणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे, हे मी स्वतःलाच बजावून ठेवतो, कारण एकदा तंजावरच्या बाबतीत माझी फसगत झालेली आहे.

२७ एप्रिल २०२४

कागद-संवर्धनाचे काम करणाऱ्या बाईंकडे चित्र घेऊन गेलो. दीड तासाच्या तपासणीत घरच्या कहाणीतली तिसरी गोष्टही गेली. लुगड्याचे काठ काळे नाहीत, ते मुळात पांढरे होते.

कारण असे, की जलरंगात वापरलेला शिशाचा पांढरा रंग, म्हणजे सफेदा, तेलरंगातल्यासारखा तेलात झाकलेला नसतो. हवेतल्या गंधकयुक्त वायूंशी संयोग होऊन त्याचे काळपट शिसे-सल्फाइड बनते. चित्रकाराने काठावर, बाईच्या बांगडीवर आणि मुलाच्या कपाळावर उजेडाच्या म्हणून ज्या पांढऱ्या रेघा दिल्या, त्याच आज सर्वांत काळ्या दिसतात. मुलाच्या कपाळावरचा डाग आम्ही आजवर तीट समजत होतो! भिंगाखाली त्या रेघांच्या कडेला अजून पांढरेपणा उरलेला दिसला, तेव्हा मला पटले.

हायड्रोजन पेरॉक्साइडच्या नेमक्या वापराने या काळ्या थराचे पांढऱ्या शिसे-सल्फेटमध्ये रूपांतर करता येते. बाईंनी ते सांगितले आणि लगेच, या चित्राच्या बाबतीत ते करू नये असा सल्लाही दिला. काळवंडलेला भाग थोडा आहे, शेजारचे रंग पाण्याला नाजूक आहेत, आणि मूळ परिणाम काय होता हे नोंदीत लिहून ठेवता येते. मला हा सल्ला योग्य वाटला. चित्र नव्यासारखे दिसावे ही माझी इच्छा होती, हे कबूल करतो.

त्यानंतर अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली पाहिले. बाईच्या चोळीचा पिवळा रंग एकदम झळाळून उठला. ‘इंडियन यलो’ या नावाने युरोपात जाणारा, इकडे पिउरी म्हणून ओळखला जाणारा रंग असाच झळाळतो. हा रंग कुठून येतो याविषयी युरोपात बराच काळ गोंधळ होता. १८८३ मध्ये त्रैलोक्यनाथ मुखोपाध्याय यांनी लंडनला पत्र पाठवून कळवले, की मुंगेरजवळच्या मिर्झापूर गावात गाईंना आंब्याची पाने खायला घालून त्यांच्या मूत्रापासून तो बनवतात. मुंगेर हे पाटण्याच्या पूर्वेला, गंगेच्याच काठी. जवळचा रंग चित्रकाराने वापरला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण पिउरी देशभर आणि परदेशीही विकली जात होती, आणि नुसत्या झळाळीवरून रंगद्रव्य निश्चित होत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतली चाचणी लागते, असे बाईंनी स्पष्ट सांगितले. वहीत ‘बहुधा पिउरी’ एवढेच लिहिले आहे.

१५ जून २०२४

पुठ्ठा निघाला. ही नोंद मी जवळजवळ महिनाभर डोळ्यांसमोर आणत होतो.

पाणी वापरणे शक्य नसल्याने बाईंनी चित्र पालथे ठेवून पुठ्ठ्याचे पापुद्रे शस्त्रक्रियेच्या चाकूने कोरडेच एकामागून एक सोलत आणले, आणि शेवटच्या थरापाशी गव्हाच्या सत्त्वाची जाडसर खळ थोडी थोडी लावून जुना सरस मऊ केला. चार बैठका लागल्या. मागच्या बाजूला काही लिहिलेले असेल अशी मला आशा होती, तिथे काहीही नव्हते.

मात्र कागद प्रकाशपेटीवर धरताच डाव्या कडेला जलचिन्ह दिसले. वरच्या ओळीत ‘व्हॉटमन’ची शेवटची अक्षरे, मधल्या ओळीत ‘टर्की मिल’ आणि खाली १, ८, ३ हे तीन आकडे. चौथा आकडा वाचता येत नाही. केंट परगण्यात मेडस्टोनजवळच्या टर्की मिलमधला हा कागद आहे. जेम्स व्हॉटमन यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर विणलेल्या तारेच्या जाळीवर गुळगुळीत कागद बनवण्याची पद्धत रूढ केली, आणि आडव्या-उभ्या रेघा नसलेला तो कागद जलरंगासाठी जगभर पसंत केला गेला. पुढे कारखाना इतरांच्या हाती गेला तरी जलचिन्हातले नाव तसेच राहिले. जलचिन्हात वर्ष घालण्याची प्रथा १७९४ च्या कायद्यामुळे पडली : निर्यात होणाऱ्या कागदावरचा कर परत मिळवायचा तर त्यावर वर्ष हवे, असा तो नियम होता. नियमाची सक्ती पुढे गेली, पण अनेक कारखान्यांनी वर्ष घालणे चालू ठेवले.

याचा आमच्यापुरता अर्थ असा, की कागद १८३० ते १८३९ या दशकातला आहे, आणि चित्र त्याआधीचे असू शकत नाही. ते किती नंतरचे आहे हे कागद सांगत नाही. विलायतेहून कलकत्ता, तिथून गंगेवाटे पाटणा हा प्रवास आणि दुकानातला मुक्काम धरून मी ‘१८३० नंतर, बहुधा शतकाच्या मध्यापूर्वी’ असे लिहितो.

एका परिचितांनी छायाचित्र पाहून हे शिवलाल यांचेच काम असल्याचे ठासून सांगितले. सही नाही, चिन्ह नाही, आणि कार्यशाळेत एकच विषय अनेक हातांनी पुन्हापुन्हा काढला जात असे. नाव जोडल्याने चित्राची किंमत वाढेल, एवढे त्यांचे म्हणणे खरे आहे.

३० जून २०२४

ट्रंकेतले उरलेले कागद चाळले. पणजोबांच्या नोकरीच्या कागदांत त्यांच्या बांकीपूरच्या बदलीचा १९०९ चा हुकूम सापडला. बांकीपूर म्हणजे पाटण्याचा गोऱ्या अधिकाऱ्यांच्या वस्तीचा भाग. चित्र त्यांनी तिथे विकत घेतले, की कोणी भेट दिले, याबद्दल एक अक्षरही नाही. त्या वेळी ते चित्र बहुधा साठ ते ऐंशी वर्षांचे जुने असणार. पणजी मात्र खरोखरच तंजावरची होती. तिच्या माहेरची आठवण आणि नवऱ्याच्या बदलीच्या गावची वस्तू एकाच ट्रंकेत राहिल्या आणि दोन पिढ्यांत एक झाल्या असाव्यात. हा माझा तर्क आहे, त्याला पुरावा नाही.

२१ जुलै २०२४

पाऊस. खोलीतली सापेक्ष आर्द्रता ७८ टक्के. चित्र अजून बाईंकडेच ठेवले आहे, आणि ऑगस्ट संपेपर्यंत घरी आणायचे नाही असे ठरले.

१४ सप्टेंबर २०२४

चित्र आम्लरहित कागदाच्या खिडकीचौकटीत बसवून घरी आले. ते कुठेही चिकटवलेले नाही. जपानी कागदाच्या दोन लहान बिजागऱ्यांवर, गव्हाच्या खळीने, फक्त वरच्या कडेने टांगले आहे. जलचिन्ह पाहता यावे म्हणून पाठीमागची पाटी उघडता येईल अशी ठेवून घेतली. भिंतीवर लावायचे नाही असे ठरवले होते, पण आत्याच्या आग्रहावरून वर्षातून चार आठवडे, खिडकीपासून दूर आणि ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) कमी उजेडात लावायचे असा तोडगा निघाला. उरलेला काळ ते सपाट पेटीत राहील.

शंभर वर्षांहून जुने कागदावरचे चित्र १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली नोंदवावे लागते, ही गोष्ट मला या कामाआधी माहीत नव्हती. पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे द्यायचा अर्ज छायाचित्रांसह तयार केला असून सोमवारी पाठवतो.

पेटीवर लावायची चिठ्ठी तीन वेळा लिहिली. पहिल्या मसुद्यात ‘जाते ओढणारी आई’ होते, ते आत्याने खोडले. शेवटचा मजकूर असा :

‘पिसनहारी (मजुरीने दळण दळणारी स्त्री) व मूल. पाटणा, चित्रकार अज्ञात. १८३० नंतर. व्हॉटमन कागदावर जलरंग. लुगड्याचे काठ, बांगडी व मुलाच्या कपाळावरील काळे भाग मुळात पांढरे. मजकूर कैथी, पहिली दोन अक्षरे नष्ट. तीन टोपल्यांत तीन जणींचे धान्य : आत्याचे निरीक्षण, १८ फेब्रुवारी २०२४.’